पत्र्याचा हूड

“कापलेला तुकडा असंल त तोच द्या, भाऊ,” धुरपता म्हणाली. “पुरा फोटो नाई मांगत आमी.”

भैयाजींनी हातातला ब्रश खाली ठेवला. वर्ध्याच्या त्यांच्या स्टुडिओत दुपारचं सहसा कुणी येत नसे. हे नवरा-बायको हिंगणीहून आले होते. चपला बाहेर काढून दोघं उंबऱ्याच्या आत उभी होती.

“कसला तुकडा?”

“शाळेच्या फोटोचा,” नवरा म्हणाला. त्याचं नाव कवडू. “माघात तुमी काढला होता, चौथीच्या पोरायचा. आमची पंचफुला होती त्याच्यात. खाली बसलेल्या ओळीत, टोकाले. पोळ्याच्या आधी तापानं गेली. दुसरा फोटो नाई तिचा. म्हनून शाळेत जाऊन पाह्यला, त फोटो गोल कापेल हाये, अन् आमची पोरगी नाई.”

“गोल नाही, लंबगोल,” भैयाजी म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

“आमची होती म्हनून कापली का?” कवडूचा आवाज चढला नव्हता. “नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो, तवापासून गुरुजी आमच्याशी धड बोलत नाई. त्यायनं सांगतलं का तुमाले?”

“नाही हो. कापायला कुणीच सांगितलं नाही.”

“मंग तुकडा द्या,” धुरपता म्हणाली. तिनं कमरेचं धुतलेलं फडकं काढून टेबलावर पसरलं.

भैयाजींनी कपाटातून कॅमेरा काढला आणि फडक्याच्या बाजूला ठेवला. त्याला दोन भिंगं होती, एकावर एक. वरच्यातून पाहायचं, खालच्यातून फोटो निघायचा. समोरून ऊन आलं की फोटोवर धुकं पसरल्यासारखं होतं, म्हणून खालच्या भिंगाला पुढे आखूड नळीसारखा हूड लावतात. कॅमेऱ्याबरोबर आलेला हूड सेलूच्या बाजारात हरवला होता. दुसरा मुंबईहून मागवावा लागला असता, आणि शाळेची पाटी फोटोत हवी असा गुरुजींचा आग्रह होता. पाटीसमोर कॅमेरा ठेवला की सकाळचं ऊन छपरावरून सरळ भिंगात येई. भैयाजींनी कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून पत्र्याचा हूड करून घेतला. बोटभर लांबच ठेव, असं त्यांनीच सांगितलं होतं. जितका लांब, तितकी सावली जास्त.

“ही नळी आखूड पाहिजे होती,” त्यांनी हूड लावून दाखवला. “हिची कड आडवी आली. चारही कोपरे काळे निघाले. मग मी ते कापले.”

“मंग काळाच द्या. घरी नेऊन धुईन मी.”

“त्या काळ्यात ती नाही, बाई.”

“बसली होती ना ते तिथं! मीच येनी घालून धाडली होती.”

भैयाजी आत गेले आणि निगेटिव्ह घेऊन आले. कडांना धरून त्यांनी ती दारातल्या उजेडात धरली. पोरांचे चेहरे काळे, गुरुजींचा सदरा काळा, आभाळ काळं. चार कोपरे तेवढे काचेसारखे. त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट नेलं.

धुरपता अगदी जवळ आली.

“हे सारे काळे,” ती म्हणाली, “अन् माह्या पोरीच्या जागी त लख्ख उजेड हाये.”

“यात उलटं असतं. जिथं उजेड पोचत नाही, तिथं फिल्म अशी कोरी राहते.”

कवडूनं निगेटिव्हकडे पाहिलं, मग हूड काढून त्यातून आरपार पाहिलं, आणि तो परत भिंगावर बसवला. त्याला पटलं होतं.

“कापली असती त बरं होतं,” तो म्हणाला. “तुकडा त भेटला असता.”

भैयाजींनी निगेटिव्ह पाकिटात घातली.

“टोकाले कोनं बसवलं तिले?” कवडूनं विचारलं.

“गुरुजींनी बोट दाखवलं,” भैयाजी म्हणाले. “सरक पोरी, म्हणालो मी.”

कवडू दाराकडे वळला. “चाल व,” त्यानं बायकोला म्हटलं. “माती हाये आता सारं.”

धुरपता हलली नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहत होती.

“या वरच्या भिंगाले त नळी नाई.”

“नाही. वरच्याला लागत नाही.”

“मंग याच्यातून सारे दिसत होते?”

“हो.”

“कोपऱ्यातले बी?”

“हो, सगळेच.”

“पंचफुला बी?”

“हो, बाई.”

“म्हंजे तुमी पाह्यली तिले,” धुरपता म्हणाली. गिऱ्हाइकासाठी पडद्यापुढे ठेवलेल्या स्टुलावर ती जाऊन बसली. पदर डोक्यावरून सारखा केला. “मंग सांगा. हासत होती का? का डोये मिटले होते उन्हानं? तिले ऊन सहन नोहतं होत.”

भैयाजींनी आठवून पाहिलं. ओळी सरळ होत्या. पाटी पूर्ण आली होती. गुरुजींची टोपी थोडी वाकडी होती आणि ती त्यांनी नीट करायला लावली होती. उजवीकडे खाली काहीतरी फिकट हललं होतं आणि स्थिर झालं होतं. तो कोपरा आता रिकामा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं.

ते धुरपतासमोर उभे राहिले. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“सांगा, भाऊ,” ती म्हणाली. “घाई नाई. आमची गाडी पाचले हाये.”