दिगूची जागा

अधारतालच्या घरी परदेशातून पार्सल आलं, तेव्हा विष्णुपंतांनी आधी इस्त्रीचा सदरा घातला. तरुणपणी फॅक्टरीतल्या मित्रांबरोबर काढलेली त्यांची एकुलती एक रॉक रेकॉर्ड तिकडच्या कंपनीने नव्याने छापली होती.

तेव्हा ती कोणीच घेतली नव्हती. ड्रम वाजवणारा दिगू रेकॉर्डिंगच्या आधीच नर्मदेत बुडाला. त्याच्या जागी दुसरा बसवायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. गाण्याच्या मध्ये एकट्या दिगूने वाजवायचं होतं, तिथे सगळे हात आवरून गप्प उभे राहिले. ती शांतता तशीच छापली गेली, आणि लोक म्हणाले, रेकॉर्ड खराब आहे.

नात अवंतीने सुई टेकवली. गिटार कडाडली. मग ती जागा आली, आणि तिथे ड्रम वाजू लागले. मध्येमध्ये पितळी झाकण खणखणत होतं.

"आबा, हे कोण वाजवून राहिलं?"

"दिगू. झांज परवडत नव्हती, तर जेवणाच्या डब्याचं झाकण बडवायचा."

"कंपनीवाल्यांनी घातलं असेल ना मागून?"

"झाकणाचं त्यांना कोण सांगणार?"

अवंतीने घाबरून सुई उचलली. ड्रम थांबले नाहीत. आता ते खोलीतूनच, दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्यातून येत होते. तोच ठेका पुन्हा पुन्हा फिरत होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

विष्णुपंतांनी भिंतीवरची गिटार काढली, छातीशी धरली.

"चल भैया," कोपऱ्याकडे बघत ते हसले, आणि बरोब्बर ठेक्यावर त्यांनी तार छेडली.