चावडीवरचा भोंगा

"तुम्हीच नेलात आमचा भोंगा!" जीपमधून उतरलेल्या धरणाच्या साहेबावर इसाबाई नदीकाठी कडाडली. "आता पाणी सोडलेलं आम्हाला कळायचं कसं?"

"गाव ऑनलाइन झालंय, मावशी. मेसेज सकाळीच पाठवलाय."

इंटरनेटची केबल आली होती खरी. पंचायतीत पेटी बसली, फीत कापली. पेटीचा दिवा मात्र एकदाही लागला नाही. मोबाइल गावात फक्त विजेरीच्या कामाचा.

खाली, लांब वाळूत तिची सून कलिंगडं तोडत होती. इसाबाईनं घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. सुनेला वाटलं, सासू जेवायला बोलावतेय. 'आलेच' असा हात करून ती पुन्हा वाकली. तिच्या मागून गढूळ पाणी रुंदावत येत होतं.

इसाबाईनं साहेबाची कॉलर धरली. "मेसेज पाठवलास ना? मग तिला का नाही पोचला? बोल, मेल्या!"