भेवाले भेव म्हण

सत्यभामाने वेणी आवळली, अंबाडा घातला आणि त्यावरून पदर घट्ट खोचला. केस सुटता कामा नयेत. मग पिशवी उचलून ती ध्यानाच्या शेडमधून निघाली, ती थेट शीलाताईंच्या खोलीपुढे उभी राहिली. शिबिरात सगळ्यांना मौन. बोलायचं ते फक्त शिकवणाऱ्या ताईंशी, दुपारच्या सुट्टीत.

"मी चालली घरी, ताई. ढाणकीची गाडी भेटन आता."

शीलाताईंनी चष्मा काढून ठेवला. "काहून? काय झालं?"

"अंगात आलं माह्या."

चोरी कबूल करावी तशी ती हळू बोलली. "माह्या आज्यानं छप्पनच्या साली बुद्धाची दीक्षा घेतली अन् घरचे सारे देव पैनगंगेत सोडले. आमच्या बायांच्या अंगात पुन्हा कोणी येऊ नाही म्हणून. अन् मी बुद्धाच्या मूर्तीपुढं, साऱ्या जणींमधी केस सोडून घुमू? तोंड कोणाले दाखवू?"

"कोण आलं? मरीमाय?"

"काय माहीत."

"काही मागितलं का तिनं? कोंबडं, हिरवं लुगडं?"

"थट्टा नोका करू, ताई. जीव चालला माहा."

"थट्टा नाही, बाई. इचारून राह्यली. काय मागितलं?"

सत्यभामा आठवू लागली. "काहीच नाही." मग एकेक शब्द चाचपत ती सांगू लागली. "मांडी दुखे. दुखणं पाहत बसली, तं ते वाळूवाणी फुटलं. मंग मांडीच फुटली. हात, पाठ, जिथं पाहावं तिथं सारं सरसर झरून चाललं. इचार आला, तो पाहता पाहता इरला. म्हटलं, आत बसून हे कोण करून राह्यलं, पाहावं तरी. गेली आत."

ती थांबली. पिशवी तिने छातीशी धरली.

"कोणीच नाही, ताई. मरीमाय नाही. अन् मीबी नाही. दार उघडं, दिवा लागलेला, अन् घर रिकामं. मले त्याचंच भेव लागते."

शीलाताई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या. दिवसभर उंच आसनावर दिसणारी बाई अशी खाली बसलेली पाहून सत्यभामाही आपोआप टेकली.

"परवा उजेड दिसला होता तुले. कापसावाणी हलकी झालती. म्हणे, पोचली मी."

"हो."

"तवा मी काय म्हटलं?"

"उजेडाले उजेड म्हण, अन् पुढं चाल."

"मंग आता भेवाले भेव म्हण. ह्या वाटेवर उजेडाच्या पुढं हे गाव लागतेच. आधी सारं झरते, मंग भेव येते. इथं मुक्काम करायचा नाही. पण पळालीस, तं तुह्यासंगं तेबी गाडीत बसन. तळपाय जमिनीले टेकलेले पाहा, श्वास पाहा, अन् भेव किती टिकते तेबी पाहा. सोसलं नाही तं डोळे उघड. मी समोरच आहो."

"अन् घुमली तं?"

शीलाताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आत कोणी नाही म्हणतेस. घुमणार कोण?"

सत्यभामाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

घंटा झाली. ती पिशवी तिथेच विसरून शेडकडे गेली.

बसली तसं भेव आलंच. बेंबीपाशी गार, मग छातीत, मग गळ्याशी. भेव, ती मनात म्हणाली. ते उभं राहिलं. तिने पाहिलं. पाहता पाहता त्याची कड झिजली, मधलं झिजलं, आणि जिथे ते होतं तिथे नुसता एक श्वास उरला. तोही आपल्या वाटेने निघाला. दुसरं भेव आलं. तेही गेलं. डोळ्यांत आलेलं पाणी, पाठीतली कळ, बाहेर ओरडणारा होला, सारं येत होतं, जात होतं. कोणी बोलावत नव्हतं, कोणी घालवत नव्हतं.

उघड्या दारातून पळसाकडचा वारा आत शिरला. ती बसली होती त्या जागेवरून गेला, आणि मागच्या खिडकीतून रानात निघून गेला. मध्ये कुठेच अडला नाही.