गार पेटी

सुपात अर्धवट सोललेल्या शेंगा. मुका रेडिओ. खुंटीवर दोन एप्रन, एकावर धूळ. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात माधव दोन स्विचिंग पॉवर सप्लाय, वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, तपासत होता. साखर कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजचा भार दोन्ही पेट्यांनी निम्मानिम्मा उचलायचा होता. एकीचा ट्रान्सफॉर्मर त्याने गुंडाळला होता, दुसरीचा बायकोने, प्रमोदिनीने, वारण्यापूर्वी. तिची पेटी जळू नये म्हणून त्याने आपल्या पेटीचं व्होल्टेज किंचित चढं ठेवलं होतं, म्हणजे सगळा करंट आपलीच देईल. पेट्या बघायला आलेल्या कारखान्याच्या आकारामने दोन्हींवर हात ठेवले. “माधवराव, ही चुलीगत तापलीया, एकटी किती वढंल? वैनींची पेटी रिकामी का बसवलीसा?” माधवने आपल्या पेटीचा व्होल्टेजचा स्क्रू उलटा फिरवून दोन्ही पेट्या सारख्या केल्या. आकाराम गेला, तरी माधवचा तळवा तिच्या पेटीवरच होता. पत्रा सावकाश कोमट झाला. दवाखान्याच्या खाटेवरही प्रमोदिनी रिकामी बसली नव्हती; शेंगा सोलत असायची.