नानांचा हात

ग्रामसेवकाने ठराव वाचून दाखवला : सरपंचाला नुसत्या मानधनावर भागवू नये, सरकारी नोकरासारखा दरमहा पगार द्यावा. झुलालआबा तिसऱ्या खेपेचे सरपंच, पण मान खाली घालून बसले होते. आता मोतीलालनाना उठणार, हे त्यांना ठाऊक होतं. रेल्वेतून रिटायर होऊन गावी परतल्यापासून नानांनी आबांच्या एकाही ठरावाला हात वर केला नव्हता. हातपंपालाही विरोध केला होता, आणि तो तर त्यांच्याच दारात बसत होता.

आज मात्र सगळ्यात आधी हात वर गेला तो नानांचा. मग काय, अख्ख्या गावाने हात वर केले.

सभा सुटल्यावर आबांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून नानांपुढे सरकवला.

"नाना, आज तुमना हात वर कसा काय गया?"

नानांनी फुंकर मारत सावकाश बशी संपवली.

"तीस वरीस रेल्वेमा काढात मी, आबा. मानधनवाला जलमभर गावमाच रहास. पगारवालानी तीन वरीसमा बदली व्हस."