मेंबरांच्या दारात

नगरपालिकेचे मेंबर आप्पासाहेब तोंडात दातवण धरून पडवीत आले आणि तिथंच थबकले. पायरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेनं खालच्या आळीतल्या बाया ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात टमरेल होतं.

सगळ्यांत पुढं बनुबाई होती. विड्या वळून घर चालवणारी बाई. आळीच्या मंडळाच्या बैठकीत ती नेहमी भिंतीला टेकून बसायची आणि न बोलता उठून जायची.

"काय काम काढलं सकाळी सकाळी?" मेंबरांनी विचारलं.

"काई न्हाई, सायब. तुमच्या संडासाला दार हाय म्हनून कळलं. तवा आलो."

आळी संपून बौद्धवाडा सुरू होतो तिथं नगरपालिकेनं बायकांसाठी संडास बांधले होते. त्यांची दारं केव्हाच कुजून पडली होती. बाया उजाडायच्या आत जायच्या, नाहीतर अंधार पडल्यावर. एकीनं बसायचं आणि दुसरीनं पदर ताणून समोर उभं राहायचं. मंडळातल्या पुरुषांनी अर्ज दिले, मेंबरांनाही भेटून आले. दुष्काळाचं साल आहे, आधी प्यायच्या पाण्याचं बघू, दारांचं पुढल्या वर्षी, असं त्यांना सांगण्यात आलं.

अशातच बौद्धवाड्यातल्या लंकाबाईची सून चांगुणा विडीच्या कारखान्यात पानं कातरता कातरता भोवळ येऊन पडली. तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती बोलली. दिवसाउजेडी जायची पाळी येऊ नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नव्हती, रात्रीची भाकरीही टाळत होती. हे ऐकलं आणि बनुबाई आळीतल्या घराघरांतून फिरली. तिथून तशीच बौद्धवाड्यात गेली.

मेंबर आधी हसले. मग म्हणाले, कचेरीत या, बसून बोलू. बनुबाई म्हणाली, कचेरीत काही काम नाही, काम इथंच आहे.

"घान करनार न्हाई आमी. पानी जिचं तिनं आनलंय."

तोवर रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती. दूधवाल्यांनी सायकली टेकवल्या. कोपरगावच्या एसटीला निघालेले लोक पिशव्या खाली ठेवून बघत राहिले. मेंबरांचा आवाज चढला. हा तमाशा तुम्हाला कुणी शिकवला, असं त्यांनी दोनदा विचारलं. रांग मोडली नाही. भीती सगळ्यांनाच वाटत होती. रांगेतल्या गोजरबाईचा नवरा गर्दीतून पुढं आला आणि घरी चल म्हणून दटावू लागला. तिनं टमरेल या हातातलं त्या हातात घेतलं आणि ती होती तिथंच उभी राहिली.

मेंबरांची बायको, भागिरथीबाई, इतका वेळ दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली, नवऱ्याकडं न बघता पायऱ्या उतरली आणि रांगेच्या शेवटाला गेली. तिथं फाटकाबाहेर लंकाबाई सुनेला धरून उभी होती.

"कितवा?" भागिरथीबाईनं विचारलं.

"सातवा," लंकाबाई म्हणाली.

भागिरथीबाईनं चांगुणाचा हात धरला. परसात जायला घराच्या कडेनं बोळ होता. लंकाबाई सवयीनं तिकडं वळली. पण भागिरथीबाईनं दोघींना पायऱ्या चढवून वर आणलं आणि पडवीतून, माजघरातून, देवघरासमोरून मागच्या दारापर्यंत नेलं.

आता मेंबरांनाच घाई झाली होती. ते लगबगीनं परसाकडं निघाले, तशी बायको परत येऊन पुढच्या दारात आडवी उभी राहिली.

"ह्या आधी आल्यात," ती म्हणाली. "तुम्ही रांगेत थांबा."

रस्त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा रस्ताच हसला. बनुबाई मात्र हसली नाही. ती एक पाऊल पुढं सरकली आणि तिनं मेंबरांसाठी आपल्यामागं जागा केली.

मेंबर रांगेत थांबले नाहीत. अंगात सदरा अडकवून तसेच नगरपालिकेत गेले. तिथल्या गोदामात नव्या विश्रामगृहासाठी केलेली सागवानी दारं पडून होती. विश्रामगृहाचा अजून पायाही खणलेला नव्हता. दुपारी दारांनी भरलेली बैलगाडी खालच्या आळीत आली, तिच्यामागून सुतार आले. दारं मापानं मोठी होती, ती तिथंच कापून बसवली. मंडळातले पुरुष आपणहून चौकटी धरायला लागले. गोजरबाईचा नवरा बिजागऱ्यांना तेल घालत होता.

दिवस अजून मावळला नव्हता तेव्हा पहिलं दार बसलं. आधी कुणी जायचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. बायांनी चांगुणाला पुढं केलं. ती लाजली, पण गेली. दार लागलं, आतून कडी सरकली आणि पदर धरायला पुढं झालेली लंकाबाई मोकळ्या हातांनी उभी राहिली.

बराच वेळ गेला. दुसरं दार बसलं, तिसऱ्याला बिजागऱ्या लागल्या, तरी चांगुणा बाहेर येईना. लंकाबाई दारापाशी गेली. तिनं दारावर हलकेच टकटक केलं.

"चांगुना, बरी हायेस ना गं?"

"बरी हाय, आत्याबाई," आतून आवाज आला. "बसू द्या जरा निवांत."