दारापुढचा सांधा

गवंड्याने छिन्नी सांध्यावर टेकवली, हातोडी उचलली आणि परत खाली ठेवली. आत बायको अंघोळ करत होती. तिचा नळ बंद व्हायच्या आत हे उरकायला हवं होतं. मुंग्यांना औषध घालणारा मुंगीवाला दहाला येणार होता.

दारापुढची ही फरसबंदी त्याने स्वतः घातलेली. पस्तीस वर्षांत एक दगड हलला नव्हता की एक सांधा उघडला नव्हता. इतर गवंड्यांच्या कामाला नावं ठेवून झाली की तो माणसांना इथे आणून उभं करायचा. ‘घाला नख,’ म्हणायचा, ‘गेलं तर हातोडी कायमची खाली ठेवतो.’ नख अजून कुणाचंच गेलं नव्हतं.

आणि गेला महिनाभर स्वयंपाकघरात मुंग्या होत्या. बारीक, काळपट, फरशीखाली घर करणाऱ्या. तेही चाललं असतं, पण मंगळवारी शेजारणीने चहाच्या कपातून चमच्याने एक मुंगी काढली, बशीत ठेवली आणि वर ‘असू दे हो’ म्हणाली. ते ‘असू दे’ बायकोच्या जिव्हारी लागलं. तिने घर डोक्यावर घेतलं. माझा ओटा बघा, कसा लखलखीत असतो, मुंग्या तुमच्याच फरशीखालून येतात, तिथेच कुठेतरी फट पडलीय. फट? आणि त्याच्या कामात? दोन दिवस दोघांची चांगलीच जुंपली.

तिसऱ्या दिवशी त्याने तिला चहा करताना पाहिलं. साखरेचा अर्धा चमचा पातेल्यात गेला, अर्धा ओट्यावर. मग तिने फडकं घेतलं आणि मन लावून ओटा पुसला, साखरेपासून वीतभर लांब. पुसून झाल्यावर ओट्याकडे समाधानाने बघितलंसुद्धा.

डॉक्टरांनी तिला मोतीबिंदू सांगून आठ महिने झाले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, मला सगळं स्वच्छ दिसतंय, हल्ली पेपरवालेच शाई कमी वापरतात. डोळ्याला कुणी हात लावणार या नुसत्या कल्पनेनेच तिची गाळण उडायची, हे त्याला ठाऊक होतं. तो गुपचूप साखर पुसायला जायचा, पण ओट्याजवळ ती त्याला फिरकू द्यायची नाही. आता मुंगीवाला रांग धरून आत गेला की थेट त्या साखरेवर पोचणार. तिच्याच स्वयंपाकघरात, परक्या माणसाच्या तोंडून तिला ते ऐकावं लागणार. हे त्याच्याने सोसवलं नसतं. दारापुढेच फट सापडली, तर तो आत जाणारच नव्हता.

त्याने तोंड फिरवलं आणि घाव घातला.

मुंगीवाला वेळेवर आला. ओणवा होऊन त्याने रांग शोधली. ती पार रस्त्याच्या कडेच्या मातीतून निघून, दगडांवरून तुरुतुरु उंबऱ्यापर्यंत आली होती. फुटलेल्या सांध्याजवळ एकही मुंगी नव्हती. सांध्यातली पांढरी पूड मात्र ताजी होती, आणि तसलीच पूड गवंड्याच्या गुडघ्यांवर होती. आत जाऊन त्याने ओटाही पाहिला.

“मिळालं का घर त्यांचं?” बायकोने दारातून विचारलं.

“सांध्यात आहे,” गवंडीच घाईने बोलला. “काम कच्चं राहिलं होतं माझं.”

जिंकल्याचा आनंद व्हायचा सोडून ती त्याच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली.

मुंगीवाल्याने गवंड्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. वीस वर्षं लोकांच्या घरांतून रांगणाऱ्या माणसाला घरातलं बरंच काही कळतं. “हो काकू, फटीतच आहे,” तो म्हणाला. औषधाचे ठिपके मात्र त्याने खऱ्या वाटेवर लावले, रस्त्याच्या कडेला. “तीन दिवस रांग पुसायची नाही, फवारा मारायचा नाही. हे खाणं मुंग्या घरी नेतील, राणीला भरवतील, मग सगळंच आटपेल. आणि साखरेला घट्ट झाकणाचा डबा घ्या.” शेवटचं तो गवंड्याला म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

बायको उंबरा उतरून खाली आली. हळूहळू बसली. हाताने चाचपत तिने तो सांधा शोधला आणि फटीतून बोट फिरवलं. कडा धारदार होत्या. पूड तिने चिमटीत धरून चोळून पाहिली. गवंड्याने हात पाठीमागे घेतले.

“सांधे भरायचा माल मी कालवला होता हा,” ती म्हणाली. “नवी नवरी होते. तुम्ही तीनदा परत कालवायला लावलात. हा आपणहून फुटायचा नाही.”

गवंड्याने गुडघ्यांवरची पूड झटकली.

“स्वतःच्या कामाला कधी कच्चं म्हणाला नाहीत. कुणाची हिंमत नव्हती म्हणायची.” ती त्याच्याकडे वळली. “इतके वाईट झालेत का हो माझे डोळे?”

त्याला नाही म्हणायचं होतं. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि त्यातही तो सपशेल पकडला गेला होता.

“थोडेसे,” तो म्हणाला.

तिने हात झटकले आणि पुढे केले. त्याने तिला धरून उठवलं. उभी राहिल्यावरही तिने त्याचा हात सोडला नाही.

“डॉक्टरांकडून तारीख घ्या,” ती म्हणाली. “आणि मला दिसायला लागायच्या आत हा सांधा भरून टाका.”